कोच गेल्यानंतरची टीम

युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीममध्ये निवड झाली, असं सांगायला आमच्या मुलाने अमेरिकेतून फोन केला, तेव्हा त्याच्या बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "तुझे नडगीला बांधायचे शिन गार्ड इथेच कपाटात राहिलेत. पाठवू का?"

तो हसत सुटला. "बाबा, नॉट दॅट फुटबॉल."

मग त्याने कॅमेऱ्यासमोर एक लांबट, दोन्ही बाजूंना टोकं असलेला चामड्याचा बॉल धरला. मला तो सोललेल्या नारळासारखा दिसला. आम्ही यूएईत, अल ऐनला, हॉलमधल्या सोफ्यावर बसून त्या बॉलकडे बघत होतो. ज्याला आम्ही सिव्हिल इंजिनिअर व्हायला पाठवलं, तो हेल्मेट घालून उभा होता.

त्याचं जवळजवळ सगळं बालपण अल ऐनमध्ये गेलं. मी इथल्या एका भारतीय शाळेत जीवशास्त्र शिकवते, नवरा पाण्याच्या पाइपलाइनची कामं करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. संध्याकाळी ऊन उतरलं की घरामागच्या मोकळ्या जागेत इजिप्शियन, सुदानी, मल्याळी पोरांबरोबर हा फुटबॉल खेळायचा. डावखुरा, म्हणजे डाव्या पायाचा. त्याने मारलेला बॉल कुठे जाईल ते त्याला पक्कं माहीत असायचं. बाकी धावण्यात वगैरे तो सामान्यच होता, हे त्याचे बाबाही मान्य करतात.

अमेरिकन फुटबॉलमध्ये पायाचं काम फार थोडं. बाकीचे एकमेकांच्या अंगावर धावून जातात, आणि एकजण बाजूला उभा असतो. त्याला किकर म्हणतात. बोलावलं की आत जायचं, दुसऱ्याने जमिनीवर टेकवून धरलेला बॉल दोन उंच खांबांमधून मारायचा आणि मुकाट्याने परत यायचं. बॉल मधून गेला तर तीन गुण. नाही गेला तर अख्खं स्टेडियम तुमच्याकडे बघतं. हॉस्टेलमधल्या मित्राने गंमत म्हणून त्याला चाचणीला नेलं. तिथे एक म्हातारे सहायक कोच होते. त्यांनी याच्याकडून पुन्हा पुन्हा बॉल मारून घेतला आणि शेवटी विचारलं, "पोरा, तू आलास कुठून?" यूएई म्हटल्यावर ते म्हणाले, "तिथे हे खेळतात?" हा म्हणाला, "नो सर." ते म्हणाले, "उद्या तीन वाजता ये."

त्या सहायक कोचच्या वर मोठे कोच होते. टीमचे सर्वेसर्वा. उंच, देखणे, बोलण्यात अतिशय गोड. त्यांनी एकदा आम्हाला व्हिडिओ कॉल केला होता. मी शाळेतून नुकतीच आले होते, केसही नीट नव्हते. ते म्हणाले, तुमचा मुलगा आता माझ्या घरातला आहे, काळजी करू नका. मी म्हटलं, तो सकाळी उपाशी जातो, तेवढं बघा. ते मोठ्याने हसले आणि खरोखरच कागदावर काहीतरी लिहून घेतल्यासारखं केलं. मला ते फार आवडले. त्यांचं बोलणं ऐकून मला माहेरच्या एखाद्या कर्त्या माणसाचा आधार वाटला, हे मी आता सांगायला लाजत नाही.

तिसऱ्या वर्षी मुख्य किकरच्या मांडीचा स्नायू दुखावला आणि आमच्या मुलाला मैदानात उतरवलं. त्यांचे सामने बहुतेक शनिवारी रात्री, म्हणजे आमच्याकडे रविवारी पहाटे. इथे आता शनिवार-रविवार सुट्टी असते, त्यामुळे तेवढं बरं. मी चहा टाकायची, नवरा टीव्ही लावायचा. पहिले दोन-तीन सामने आम्ही फक्त डाव्या पायाचा मुलगा शोधत होतो. हळूहळू खेळ कळायला लागला. कोणाला किती यार्ड हवेत, चौथ्या प्रयत्नाला काय करायचं, हे मी नवऱ्याला समजावून सांगायला लागले. तो म्हणायचा, "अगं, तू शाळा सोडून कॉमेंट्रीला जा."

त्या वर्षी त्यांची टीम जिंकत गेली. एकच सामना हरली, तोही निसटता. थँक्सगिव्हिंगला मुलगा म्हाताऱ्या कोचच्या घरी जेवायला गेला होता. त्यांच्या बायकोने रताळी शिजवून त्यावर गोड पांढरा थर दिला होता. याने मला फोटो पाठवला आणि विचारलं, "आई, हे उपासाला चालेल?" दोन दिवसांनी त्यांनी साखळीतला शेवटचा सामना जिंकला. त्यात याने तीन वेळा बॉल खांबांमधून काढला.

आता प्रश्न होता निवडीचा. तिथे कॉलेजच्या शेकडो टीम, सगळ्या एकमेकांशी खेळत नाहीत. म्हणून एक समिती बंद खोलीत बसते, कोण कोणाविरुद्ध जिंकलं, कसं जिंकलं ते बघते आणि बारा टीम निवडते. त्या बारांत विजेतेपदासाठी लढत होते. बारांतल्या काही जागा तर आधीच ठरल्यासारख्या असतात. आमची टीम अगदी काठावर होती. नवऱ्याला हे सगळं फार ओळखीचं वाटलं. "पुण्यात कट्ट्यावर बसून रणजीच्या निवड समितीला शिव्या द्यायचो," तो म्हणाला. "आता सोफ्यावर बसून देऊ."

यादी जाहीर व्हायला एक आठवडा होता. त्या रविवारी आम्ही दुबईला गेलो होतो. महिन्यातून एकदा आम्ही करामाला जातो, भाकरीचं पीठ, कोकम, मेतकूट असं सगळं घेतो आणि तिथल्या एका लहानशा हॉटेलात थालीपीठ खाऊन परत फिरतो. थालीपीठ नुकतंच समोर आलं होतं. संध्याकाळचे सहा वाजून गेले असतील. मुलाचा फोन आला. त्याच्याकडे तेव्हा सकाळ होती, आणि रविवारी सकाळी तो कधीच फोन करत नाही.

"आई, ही इज गॉन."

मी ताट बाजूला सारलं. "कोण? काय झालं?"

"कोच. हेड कोच. त्यांनी दुसरी युनिव्हर्सिटी घेतली. आत्ता मीटिंग झाली."

मी सुटकेचा श्वास टाकला, आणि मग लक्षात आलं की त्याचा आवाज नेहमीसारखा नाही. फोन स्पीकरवर टाकला. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब मोठ्याने बोलत होतं, म्हणून आम्ही दोघं फोनवर वाकून बसलो. त्याने सांगितलं ते असं. सगळ्यांना सकाळी हॉलमध्ये बोलावलं होतं. पोरांना वाटलं, पुढच्या तयारीबद्दल असेल. मोठे कोच आले, कोट घालून. म्हणाले, हा माझ्या आयुष्यातला सर्वांत कठीण निर्णय आहे, तुम्ही कायम माझ्या कुटुंबातले राहाल. चहा निवेल इतक्या वेळात सगळं संपलं. बाहेर गाडी उभी होती, ते थेट विमानतळावर गेले. जिथे गेले ती युनिव्हर्सिटी खूप मोठी, नाव मोठं. पण तिची टीम त्या वर्षी निवडीच्या जवळपासही नव्हती.

"पण अजून निवड व्हायचीय ना?" मी म्हटलं. "सीझन संपलाय कुठे?"

"दॅट्स द पॉइंट, आई."

नवरा म्हणाला, "अरे, माणसं नोकऱ्या बदलतात. इथे गल्फमध्ये आम्ही रोज बघतो. दर वर्षी कोणाचा तरी निरोप समारंभ."

"बाबा, तुमचा मॅनेजर तुम्हाला फॅमिली म्हणतो का?"

नवऱ्याने थालीपीठाचा तुकडा तोडला होता, तो तसाच ताटात ठेवला. "नाही," तो म्हणाला. "तसं नाही म्हणत."

अल ऐनला परत येताना माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. मला त्या माणसाचा राग आला होता आणि मधूनच वाटत होतं, आपला काय संबंध? आपण सकाळच्या नाश्त्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली, त्याने हो म्हटलं. एवढंच तर होतं.

नंतरचा आठवडा वाईट गेला. म्हाताऱ्या सहायक कोचना तात्पुरतं प्रमुख केलं. बाकीचे दोन-तीन सहायक मोठ्या कोचबरोबर निघून गेले. पुढच्या वर्षी येणार म्हणून कबूल केलेली शाळेतली मुलं एकेक करून नकार कळवायला लागली. टीममधली चांगली पोरं हळू आवाजात फोनवर बोलायला लागली. तिथे असा नियम आहे, की ठरावीक दिवसांत नाव नोंदवलं की खेळाडू दुसऱ्या युनिव्हर्सिटीत जाऊ शकतो. त्यांची ती मुदत जानेवारीत होती.

आणि बुधवारी मोठ्या कोचचा आमच्या मुलाला निरोप आला. इकडे ये, मला डाव्या पायाचा किकर हवाय.

मुलाने आम्हा दोघांना व्हिडिओ कॉलवर एकत्र बसायला सांगितलं, तेव्हाच कळलं की गोष्ट गंभीर आहे. तो म्हणाला, तिथे इंजिनिअरिंग आहे, इथे पूर्ण केलेल्या विषयांची क्रेडिट्स बरीचशी चालतील, स्टेडियम प्रचंड आहे. मी काही बोलायच्या आत नवरा म्हणाला, "तुला उम्म अल कुवैन आठवतं?"

"नो. मी बेबी होतो ना?"

"तुझ्या जन्माच्या वेळी मी शारजाला होतो. माझा बॉस फार हुशार माणूस. त्याने उम्म अल कुवैनला नवीन फॅक्टरी काढायला घेतली आणि म्हणाला, यल्ला, चल माझ्याबरोबर. मी गेलो. घर हलवलं, तुझ्या आईने मिळालेली नोकरी सोडली. वर्षभरात बॉस सौदीला निघून गेला. नवीन आला त्याने स्वतःची माणसं आणली. मला म्हणाला, खलास."

ही गोष्ट मला अर्थातच माहीत होती. पण नवऱ्याने ती मुलाला कधी सांगितली नव्हती. आपण गेलो ते चुकलं, असं तो आता म्हणणार असं मला वाटलं, पण तो तसं काहीच बोलला नाही.

"मी गेलो त्याचं मला वाईट वाटत नाही," तो म्हणाला. "त्या फॅक्टरीत मी जे शिकलो त्यावर अजून खातोय. खाडीच्या कडेला छान जागा होती, तू तिथेच चालायला लागलास. मी एवढंच सांगतोय, की त्या माणसासाठी जाऊ नकोस. जागेसाठी जायचं असेल तर जा. माणूस उद्या तिथे नसेल असं धरून विचार कर."

मुलाने टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाला, "ओके. लेट मी थिंक." आणि फोन ठेवता ठेवता मराठीत, "आई, तू नोकरी सोडली होतीस?"

"सोडली होती. मग अल ऐनला हीच शाळा मिळाली," मी म्हटलं.

यादी जाहीर व्हायची त्या रविवारी आमच्याकडे रात्रीचे नऊ वाजले होते. आम्ही जेवणं लवकर उरकली. काठावरच्या सगळ्या टीमच्या हॉलमध्ये टीव्हीवाल्यांनी कॅमेरे लावले होते आणि अधूनमधून ते दाखवत होते. तिसऱ्या रांगेत आमचा मुलगा दिसला, टोपी उलटी घालून. म्हातारे कोच भिंतीला टेकून उभे होते, हात खिशात. मी त्यांना पहिल्यांदाच नीट पाहिलं. बुटके, जाड भिंगांचा चष्मा, आमच्या शाळेतल्या लायब्ररियनसारखे दिसत होते.

वरून एकेक नाव यायला लागलं. पहिली चार आली, आठ आली. दहावं नाव दाखवल्यावर नवरा उठून उभा राहिला. अकरावं दुसऱ्याच कोणाचं. बारावंही दुसऱ्याचं. कॅमेरा आमच्या पोरांच्या हॉलवर गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला. एक धिप्पाड मुलगा गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. मला वाटलं, आता पुरे, काढा तो कॅमेरा.

टीव्हीवाल्यांनी समितीच्या अध्यक्षांना विचारलं, की कोच निघून गेल्याचा काही परिणाम झाला का? ते म्हणाले, आम्ही टीम आज जशी आहे तशी बघतो.

"म्हणजे हो," नवरा म्हणाला.

मुलाने नंतर सांगितलं, की हॉलमध्ये कोणी जागचं हलेना, तेव्हा म्हाताऱ्या कोचनी पुढे जाऊन टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "जेवण तयार आहे. गार होईल." आणि सगळे उठून जेवायला गेले.

त्या बारांत नसलेल्या चांगल्या टीमना डिसेंबरच्या शेवटी एकेका सामन्याचं आमंत्रण येतं. त्याचा विजेतेपदाशी काही संबंध नसतो. यांनाही आलं. पण निम्मी टीम जायच्या तयारीत, कोण खेळणार? म्हाताऱ्या कोचनी मुलांना मतदान करायला सांगितलं. स्वतः खोलीबाहेर गेले. जाताना म्हणाले, तुम्ही नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही, मी तरीही सोमवारी तीन वाजता मैदानावर असेन, ज्याला यायचं त्याने यावं.

"मग तू काय मत दिलंस?" मी विचारलं.

"खेळायचं."

"आणि मोठ्या कोचना काय कळवलंस?"

"थँक यू, बट नो." मग म्हणाला, "आई, आय लाइक इट हिअर. प्रोफेसर चांगले आहेत. आणि ओल्ड कोचनी मला शिकवलं, त्यांनी नाही."

खेळायचं असंच ठरलं, थोड्याच मतांनी. तो सामना आम्ही घरीच पाहिला. स्टेडियम अर्धं रिकामं होतं. आमच्या बाजूला कधी न दिसलेली पोरं खेळत होती, काहींच्या अंगावर कपडेही मोठे झाल्यासारखे वाटत होते. किकरसाठी पुढून मागे बॉल फेकणारा नेहमीचा मुलगा टीम सोडून गेला होता. नवीन मुलाने पहिला बॉल वाकडा फेकला, धरणाऱ्याने कसाबसा टेकवला, आणि आमच्या मुलाचा फटका खांबाच्या बाहेरून गेला. तो परत येताना म्हातारे कोच त्याच्याकडे गेले नाहीत. बॉल फेकणाऱ्या मुलाकडे गेले, त्याच्या हेल्मेटवर हात ठेवला आणि काहीतरी बोलले. तो मुलगा हसला. नंतरचे सगळे बॉल सरळ आले. आमच्या मुलाने दोन वेळा गुण मिळवले. शेवटच्या पाच-सात मिनिटांपर्यंत ते पुढे होते, मग समोरच्यांनी गाठलं आणि थोडक्यात मागे टाकलं.

सामना संपल्यावर पोरांनी पाण्याचं मोठं पिंप उचललं आणि मागून जाऊन म्हाताऱ्या कोचच्या डोक्यावर ओतलं. तिथे जिंकलेल्या कोचवर असं ओततात.

"हरल्यावर पण ओततात?" नवऱ्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. टीव्हीवर म्हातारे कोच शर्टाने चष्मा पुसत होते आणि शर्टच भिजलेला असल्यामुळे त्यांना चष्मा कोरडा करता येत नव्हता.

जानेवारीत नवे मोठे कोच आले, आणि त्यांनी स्वतःची माणसं आणली. म्हाताऱ्या कोचना ठेवलं नाही. मुलाने हे सांगितलं तेव्हा मी फोनवरच चिडले. ज्यांनी सगळे निघून गेल्यावर टीम सांभाळली, त्यांनाच घरी पाठवायचं? मुलगा म्हणाला, "इट्स नॉर्मल, आई. हेड कोच बदलला की सगळे बदलतात. त्यांच्या बायकोने सांगितलं, यापूर्वी त्यांनी याच कारणाने सात घरं बदलली आहेत."

"मग तू थांबलास ते..." मी म्हणायला गेले.

"मला माहितीय," तो म्हणाला. "बाबांनी सांगितलंच होतं, माणसासाठी नाही. मी पण बऱ्यापैकी जागेसाठीच थांबलो. मोस्टली."

नंतर तो म्हाताऱ्या कोचच्या घरी गेला होता. बर्फ पडलं होतं आणि ते फावड्याने दारापुढची वाट मोकळी करत होते. यानेही दुसरं फावडं घेतलं. काम करताना फुटबॉलचा विषय निघालाच नाही. त्यांनी याला काँक्रीट थंडीत कसं जमतं ते विचारलं, आणि याने परीक्षेला केलेला सगळा अभ्यास त्यांना ऐकवला.

नवीन मोठे कोच कसे आहेत, असं मी विचारलं. मला ते वाईट निघायला हवे होते. "चांगले आहेत," मुलगा म्हणाला. "रिअली. फेअर आहेत." त्यांनी स्वतःबरोबर एक किकर आणला. दोघांची चाचणी सगळ्यांसमोर घेतली आणि त्या मुलाचा फटका जास्त लांब जाणारा निघाला. आमचा आता दुसऱ्या नंबरवर आहे. सुरुवातीचा बॉल मारायला कधी कधी आत जातो. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो अल ऐनला आला होता तेव्हा मी त्याच्या चेहऱ्यावर दुःख शोधत होते. तो दुपारभर झोपायचा आणि संध्याकाळी जुन्या मित्रांबरोबर साध्या, गोल बॉलने खेळायला जायचा.

जुने मोठे कोच त्यांच्या नव्या ठिकाणी पहिलाच सामना हरले. नवऱ्याने मला किचनमधून ओढून आणून तो निकाल दाखवला. मीही खूश झाले. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "डोंट, आई. त्यांनी मला बर्थडेला मेसेज केला होता." मग आम्ही तो विषय सोडून दिला.

म्हातारे कोच त्याच गावातल्या शाळेत लागले आहेत. या वेळी त्यांच्या बायकोने घर बदलायला साफ नकार दिला, म्हणे. शुक्रवारी शाळेचे सामने असतात, त्याआधी आमचा मुलगा तिथे जाऊन पोरांना किक शिकवतो. एकदा त्याने व्हिडिओ पाठवला. एका मुलीने मारलेला बॉल खांबांमधून गेला आणि मागे कोणीतरी आनंदाने ओरडत होतं. आवाज म्हाताऱ्या कोचचा होता हे मुलाने सांगितल्यावर कळलं, कारण टीव्हीवर आम्ही त्यांना कधी ओरडताना पाहिलंच नव्हतं.

पुढच्या मे महिन्यात त्याचा पदवीदान समारंभ आहे. आम्ही दोघं जाणार आहोत. त्याने आधीच बजावून ठेवलंय, की एक दिवस म्हाताऱ्या कोचकडे जेवायला जायचं आहे, आणि त्यांच्या बायकोने काय खाता, काय नाही ते विचारलंय. नवरा म्हणाला, इथले खजूर नेऊ, चांगला मोठा डबा. मी म्हटलं, दोन डबे नेऊ. एक त्यांना, एक त्या शाळेतल्या पोरांना.